खूण केलेला चतुर

मद्रासला, एग्मोरच्या ऑफिसात माझ्या टेबलावरचा फोन वाजला आणि माझा नवरा रघू एवढंच म्हणाला, "अप्पा गेले." अशा वेळी सुनेला रडू यावं अशी रीत आहे. मी विचारलं, "नक्की का? डॉक्टरांनी बघितलंय?" तो म्हणाला, "तू अगदी त्यांच्यासारखंच विचारलंस बघ." माझे सासरे दुपारी देवळाच्या तळ्यावरून परत आले होते, छत्री खुंटीला लावून व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसले होते, आणि शेजारच्या जानकीमामींनी ताक आणून दिलं तेव्हा त्यांचा हात पुढे आला नाही. मामी पेला धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, नेहमीप्रमाणे आधी लांबून वास घेतील, मग पितील, म्हणून थांबलेत.

माणूस गेला की त्याच्या अंगी नसलेले गुण त्याला चिकटवायची चढाओढ लागते. गेले काही आठवडे आमच्या वेस्ट मांबलमच्या घरी येणारा प्रत्येक जण सांगून गेला की अप्पा फार साधे होते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हे लोक चुकून भलत्याच घरी समाचाराला आलेत की काय, अशी मला शंका यायची. अप्पा मुळीच साधे नव्हते. मी पाहिलेल्या माणसांत इतकं संशयी दुसरं कोणी नाही, आणि हे मी म्हणते आहे, जी दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचते. सांगलीला आमच्या घरी भाजीवालीच्या तराजूपासून जोशीबुवांच्या मुहूर्तापर्यंत सगळ्याकडे तिरक्या नजरेनं बघायची पद्धत होती. तेव्हा या घरात मला परकं वाटायला नको होतं. पण दोन संशयी माणसं एका छताखाली आली की दोघांनाही दुसऱ्याचाच संशय येतो.

अप्पांचं घराणं तंजावरचं. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहून त्यांची मराठी जुन्या दागिन्यासारखी झाली होती, घडण आपली पण आता कोणी घालत नाही अशी, आणि वर तमिळचा हेल. सगळी नोकरी त्यांनी सरकारी ऑडिटमध्ये काढली. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं खरं मानायचं नाही, यासाठी त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळत असे. निवृत्त झाल्यावर पगार पेन्शनीवर आला, काम तेवढंच राहिलं. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघरात मला पहिल्यांदा काय दिसलं, तर लोणच्याच्या बरणीच्या गळ्याशी एक बारीक गुलाबी ठिपका. मग तेलाच्या डब्यावर, तांदळाच्या पिंपावर, विजेच्या मीटरच्या पेटीवर, मागच्या दाराच्या कडीवरही. सासूबाई मी येण्याच्या आधीच वारल्या होत्या, त्यांची नेलपॉलिशची बाटली अप्पांनी या कामाला लावली होती. बरणीतलं लोणचं ठिपक्याच्या खाली गेलं की सून किती खाते ते कळतं, असा त्याचा अर्थ मी लावला आणि महिनाभर लोणच्याला हात लावला नाही. रघूला विचारलं तर तो म्हणाला, त्यांची सवय आहे, सोड. नवऱ्यांचं हे 'सोड' मला कधी जमलेलं नाही.

त्याहून वाईट होतं ते कुलूप. दोघं-तिघं मिळून कुठे निघालो आणि पुढच्या दाराला मी कुलूप लावलं, की अप्पा पुढे येऊन ते धरून खाली ओढून बघत. एकदा, मग पुन्हा एकदा. कुलूप रघूनं लावलं तर सरळ रस्त्याला लागत. हे मी सुरुवातीलाच हेरलं होतं. देवळात जायचं असो, लग्नाला जायचं असो, घरातून बाहेर पडताना माझं तोंड उतरलेलं असायचं ते त्यामुळे. एखादीला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं. ज्यांच्या हाताचं कुलूप रोज ओढून बघितलं जातं त्यांना विचारा.

पाण्याच्या लॉऱ्यांसाठी बायका कळशा घेऊन रांगेत भांडायच्या ती वर्षं संपली आणि एका चांगल्या पावसानं आमच्या गल्लीच्या टोकाचं देवळाचं तळं पुन्हा भरलं. त्यानंतर अप्पा सकाळी अकराच्या सुमाराला, ऐन उन्हात, छत्री घेऊन बाहेर पडायला लागले. मद्रासच्या त्या वेळच्या उन्हात कावळासुद्धा वळचणीला बसतो. दीड-दोन तासांनी परत यायचे ते घामानं भिजून, आणि चेहऱ्यावर एक समाधान, जे मी आजवर पाहिलं नव्हतं. विचारलं तर "उगेंच, हवा खायाला," म्हणायचे. त्या उन्हात कसली हवा... अशात जानकीमामींनी मला जिन्यात गाठलं. आवाज अगदी खाली आणून त्यांनी सांगितलं की तुझ्या सासऱ्यांना मी फॅन्सी स्टोअरमध्ये बघितलं, नेलपॉलिश घेत होते, गुलाबीच पाहिजे म्हणून दुकानदाराशी वाद घालत होते. घरात नेलपॉलिश लावणारं कोणी नाही, आणि बरण्या-डब्यांना नव्या बाटलीची गरज नाही. मामी पुढे काही बोलल्या नाहीत. मामी काही बोलल्या नाहीत की समजावं, गल्लीत सगळ्यांचं बोलून झालंय.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी अप्पांच्या मागावर गेले. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तळ्याच्या पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं. अप्पा सगळ्यांत खालच्या कोरड्या पायरीवर छत्री उघडून बसले होते, वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, गुडघ्यांवर खोचलेली, शेजारी एक काठी आणि तिच्या टोकाला जुन्या मलमलीची पिशवी शिवलेली. समोर पाण्यात एक वाळका बांबू रोवलेला. त्याच्या शेंड्यावर एक लालभडक चतुर बसला होता, मिरचीसारखा. तो उडायचा, तळ्यावर एक चक्कर मारायचा, दुसरा चतुर आला की त्याला हुसकून लावायचा आणि पुन्हा त्याच शेंड्यावर येऊन बसायचा. पंख नुसते पसरलेले, मिटण्याचं नाव नाही. मी वरच्या पायरीवरून बघत होते. ऊन पंखातून आरपार जात होतं, आणि उजव्या पंखाच्या टोकाशी एक बारीक गुलाबी ठिपका होता.

अप्पांनी मान न वळवता विचारलं, "तूं कशाला आलीस?"

मी म्हटलं, नेलपॉलिश कोणासाठी घेतलंत ते बघायला. मला वाटलं, आता घरी जाऊन महाभारत होणार. पण त्यांनी मागे वळून पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून खूश झाले.

"बरें केलेंस," ते म्हणाले. "ऐकलेल्यावर विश्वास ठेवूं नये. स्वतां येऊन पहावें."

मग त्यांनी सगळं सांगितलं. देवळातले भटजी त्यांना म्हणाले होते की हा तट्टान (तंजावरकडे चतुराला तमिळ नावानंच ओळखतात) रोज याच काठीवर बसतो. अप्पांनी विचारलं, तोच कशावरून? लाल तट्टान पन्नास असतील. तेव्हा अप्पांनी मलमलीच्या पिशवीनं एकाला धरला, पंखाला ठिपका दिला आणि सोडला. तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, त्याच शेंड्यावर. भटजींचं म्हणणं मान्य झालं, पण तपासणीनंतर. मी लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायची, ते त्यांना सांगितलं, तर म्हणाले, तें नक्को, बांधून विचारलें तर जनावरही खोटें बोलतें.

माझ्या मनात मात्र बरणीवरचा ठिपका होता. मी सरळ म्हटलं, "आणि हा चतुर काय चोर आहे, त्याला खूण करायला?"

अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "चोराला कोण खूण करतो गे? आमच्या आपीसांत जें तपासून बरोबर निघालें त्यालाच टिक्. टिक् झालें कीं पुन्हां पहायाचें नाहीं. ज्यावर टिक् नाहीं, संशय त्याचा."

माझा यावर लगेच विश्वास बसला नाही, हे सांगायला नकोच. घरी आले आणि एकेक वस्तू बघितली. बरणीतलं लोणचं ठिपक्याच्या कितीतरी खाली गेलं होतं आणि त्याबद्दल मला कधी कोणी विचारलं नव्हतं. तेलाचा डबा, पिंप, मीटर, कडी... सगळ्यांना टिक. मग मी पुढच्या दाराचं कुलूप हातात घेतलं. पुढून बघितलं, मागून बघितलं, कडेनं बघितलं. कुठेच काही नव्हतं. म्हणजे लोणचं पास झालं होतं, विजेचा मीटर पास झाला होता, आणि या घरात तपासणीत राहिलं होतं ते मी लावलेलं कुलूप. आधीचा अपमान बरा होता. निदान तो सगळ्या घराचा होता.

तरी त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी तळ्यावर जायला लागले. अप्पांनी बोलावलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. चतुराचं चरित्र मी असं हप्त्याहप्त्यानं ऐकलं, आणि प्रत्येक हप्त्यात एक शंका असायची. नर लाल आणि मादी पिवळसर, हे त्यांना पटलं होतं, पण कोवळेपणी नरही पिवळाच असतो आणि मागाहून लाल होतो, म्हणून पिवळा दिसला की ते म्हणायचे, यांत कोण लपला आहे देव जाणे. ठिपकेवाला एके दिवशी आला नाही आणि त्याच शेंड्यावर दुसराच, बिनखुणेचा येऊन बसला. अप्पा घरी येऊन जेवताना म्हणाले, बदली झाली. मोठा झाल्यावर चतुर काही आठवडेच जगतो हे त्यांना माहीत होतं. तरी तें सगळें ऐकीव आहे म्हणत ते बरेच दिवस आसपासच्या गवतात गुलाबी ठिपका शोधत होते.

मग तळ्यातली चतुराची अळी घरी आली. काचेच्या बरणीत, व्हरांड्यात. मातकट रंगाची, सहा पायांची, चेहऱ्यावर बुरखा ओढल्यासारखी. चतुराचं सगळं लहानपण पाण्याखाली असं दबा धरून जातं. डासांच्या वळवळत्या अळ्या आत सोडल्या की ही काही वेळ हलायची नाही. आणि एकदम तिचा खालचा ओठ हातासारखा लांब पुढे यायचा, डासाची अळी धरून परत तोंडावर मिटून जायचा. मला किळस यायची आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. त्या वर्षी गल्लीत सांधे धरणारा ताप घरोघर होता, म्हणून डास तपासणारी माणसं आली आणि बरणीतलं पाणी ओता म्हणाली. अप्पांनी त्यांना खुर्च्या देऊन बसवलं आणि बरणीत डास कोण खातं ते दाखवून होईपर्यंत उठू दिलं नाही. ती माणसं पुन्हा आमच्या दारात आली नाहीत. अप्पांनी बरणीत एक काडी उभी करून ठेवली होती. एका पहाटे त्या काडीवर चढून अळीची पाठ उकलली आणि आतून फिकट, ओला, चुरगळलेल्या पंखांचा चतुर बाहेर आला. त्याचे पंख ताठ होईपर्यंत आम्ही दोघं तिथून उठलो नाही. तो उडून गेला. मागे काडीला धरून राहिलं रिकामं कातडं, पाय, डोळे, सगळं जिथल्या तिथे. अप्पा म्हणाले, आज पाहिलें म्हणून मान्य, नाहींतर या कातड्यांतून तो आला असें कोणी सांगतें तर मी सही केली नसती.

"तट्टान ताळ परंदाल मळै" म्हणतात इकडे, चतुर खालून उडायला लागले की पाऊस येतो. या म्हणीचीही त्यांनी दोन पावसाळे तपासणी केली. कधी आला, कधी नाही आला. निकाल काय म्हणून विचारलं तर म्हणाले, आक्षेप लेखीं कळवावा, पण म्हण रद्द करूं नये.

एका दुपारी मादी पाण्याला शेपटी टेकवून टेकवून अंडी घालत होती आणि वर लाल नर तिच्या डोक्यावर घिरट्या घालत होता. दुसरा कोणी जवळ आला की त्याच्यावर धावून जायचा, की पुन्हा हिच्या डोक्यावर हजर. अप्पा म्हणाले, तिला राखतो आहे. माझ्या मनात कुलूप होतंच. मी म्हटलं, "राखतोय की पाळत ठेवतोय? तिला विचारलंय का कोणी?" त्यांनी बांबूकडे तोंड वळवलं. मला वाटलं, रागावले. उठताना छत्री मिटवत म्हणाले, "तें मादीस विचारावें लागेल. आमा, खरेंच... तें तपासलें नाहीं." एवढंच. त्या दिवशी घरी आलो तेव्हा दार उघडायचं होतं, लावायचं नव्हतं, त्यामुळे काही बदललं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. पुढच्या वेळी बाहेर निघालो तेव्हा त्यांनी कुलूप ओढून बघितलंच.

त्यानंतर माझ्या आईच्या आजारपणात मी सांगलीला गेले आणि बरीच राहिले. जाताना किल्ली घरीच ठेवली होती. परत आले तर माझ्या किल्लीला पिवळ्या प्लास्टिकची टोपी घातलेली, स्टेशनच्या रस्त्यावर मिळतात तसली, आणि रघूच्या किल्लीला निळी. मला वाटलं, सून किल्ल्यांची गल्लत करते म्हणून ही सोय. मी नसताना रघू एकदा दार नुसतं लोटून ऑफिसला गेला होता आणि मांजरानं घरभर दूध केलं होतं, हे जानकीमामींकडून कळलं. आम्ही बाहेर निघालो. मी कुलूप लावलं आणि नेहमीप्रमाणे तोंड पाडून बाजूला झाले. अप्पा पुढे आलेच नाहीत. छत्री टेकत रस्त्याला लागले होते. मला वाटलं, खांदा दुखत असेल, उन्हात बसून बसून. नंतरही कधी त्यांनी माझं कुलूप ओढलं नाही. रघूनं लावलं की मात्र दोनदा ओढायचे. तरी मी खांद्याचंच धरून बसले होते. संशयी माणसाला आपल्या फायद्याची गोष्ट सगळ्यांत शेवटी दिसते.

आता दुपारी घरात कोणी नसतं. दूधवाला, टँकर, कोणाला दार उघडायचं तर कोण उघडणार, म्हणून एक किल्ली जानकीमामींकडे ठेवायचं ठरलं. गेल्या आठवड्यात मी मांबलम स्टेशनबाहेरच्या किल्लीवाल्याकडे माझी किल्ली दिली. त्यानं पिवळी टोपी पात्यानं कापून काढली, किल्ली उजेडात धरली आणि म्हणाला, "अम्मा, यावर पेंट आहे, खरडून टाकू?" मी इतक्या जोरात नको म्हटलं की शेजारचा फुलवाला वळून बघायला लागला. किल्लीच्या डोक्यावर, मधोमध, गुलाबी ठिपका होता.

माझा स्वभाव जाणार कुठे. तिथेच उभं राहून मी सगळ्या शंका काढल्या. बाटली उघडताना थेंब सांडला असेल. मग असा गोल कसा, मधोमध कसा? सगळ्याच किल्ल्यांना लावला असेल. घरी जाऊन रघूच्या किल्लीची टोपी मी स्वतः कापली. आत काही नव्हतं, नुसतं पितळ. मग मी स्वयंपाकघरात गेले, किल्ली लोणच्याच्या बरणीशेजारी धरली आणि रंगाशी रंग ताडून बघितला. तिथे मला रडू आलं, फोन आला त्या दिवशी यायला हवं होतं ते.

तोंडावर एक शब्द बोलायला काय जात होतं, असंही वाटलं. फार वाटलं, आणि त्यांचा रागही आला. पण टिक केलेलं आम्ही पुन्हा बघत नाही, हे त्यांनी तळ्यावर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ठिपका देऊन, त्यावर टोपी घालून, त्यांच्या बाजूनं प्रकरण मिटलं होतं. मला कळवायचं असतं हे त्यांच्या गावीही नसणार. चतुराला तरी कुठे कळवलं होतं...

काल सुट्टी होती. अकराच्या सुमाराला अप्पांची छत्री खुंटीवरून काढली. तळ्यात बांबू तसाच आहे, थोडा कललाय. शेंड्यावर लाल चतुर होता. उडाला, चक्कर मारून परत तिथेच बसला. पंखाला खूण नव्हती. तोच आला की दुसरा, मी सांगू शकत नाही, आणि अप्पांनी पहिला प्रश्न तोच केला असता. मी बराच वेळ बसले होते. पुढच्या सुट्टीला मलमलीची पिशवी आणि बाटली घेऊन जाणार आहे. बाटलीतलं नेलपॉलिश अजून सुकलेलं नाही, तेवढं मी बघून ठेवलंय.

एक राहिलं. काल निघताना घरी कोणी नव्हतं. मी पुढच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि सवयीनं हात पुन्हा कुलपाकडे गेला. मी आयुष्यात कुलूप ओढून बघितल्याशिवाय घराबाहेर पडलेली नाही. अप्पा ओढायचे त्याच्याही आधी, हळूच, एकदा मी ओढलेलं असायचं. काल हात तसाच मागे घेतला आणि तळ्याकडे चालायला लागले.